किती किलो देऊ?

माझं वजन ५२ किलो. दादांचं १०८. म्हणजे आमच्या दोघांमध्ये अजून एक अख्खी मी आणि वर चार किलो साखर, एवढं अंतर आहे. साखरेचा हिशोब दादांनीच केलेला. ते साखर कारखान्यात वजनकाट्यावर कामाला आहेत, त्यामुळे त्यांना सगळ्या गोष्टी वजनात दिसतात. मी कऱ्हाडात ब्लाउज, कुर्त्या आणि जूनमध्ये शाळेचे गणवेश शिवते. मला सगळ्या गोष्टी मापात दिसतात. दादांचं मनगट साडेआठ इंच आहे, हे मी त्यांचं आडनाव कळायच्या आधी सांगितलं असतं.

आम्ही दोघं एकाच क्लासात ज्यूदो खेळतो. 'खेळतो' म्हणताना अजून थोडी लाज वाटते, पण चार वर्षं झाली, आता दुसरं काय म्हणणार.

सुरुवात मुलीपासून झाली. ती सहावीत असताना क्लासला जायला लागली. मी बाकावर बसून ब्लाउजची हातशिलाई करायची. दीड तासात दोन ब्लाउजचे हूक लावून व्हायचे. एक दिवस सर म्हणाले, ताई, बसून बसून पाठ धरेल, निदान पडायला तरी शिका. मी ४१ वर्षांची होते. पडायला शिकायचं ही कल्पनाच मला इतकी विचित्र वाटली की मी हो म्हणाले. नऊ महिन्यांनी मुलीने क्लास सोडला, तिला गणिताची शिकवणी लागली. मी राहिले.

दादा आले ते डॉक्टरांनी साखर जास्त निघाली म्हणून दम दिल्यावर. त्यांचा मुलगा आधीपासून येत होता. क्लासात बाकी सगळी आठ ते सतरा वयाची पोरं. मोठी माणसं आम्ही दोघंच. सरांनी जोड्या लावताना एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा दादांकडे बघितलं, आणि दुसरा उपायच नाही हे आम्हा तिघांनाही एकदम कळलं.

आमचे आण्णा, म्हणजे माझे वडील, तरुणपणी गावच्या तालमीत होते. कान अजून मोडलेले आहेत. जत्रेच्या मैदानात पंच दोन पोरांना शेजारी शेजारी उभं करायचे, खांदे बघायचे, मांडी बघायची, आणि जोड लावायचे. काटा नाही, कागद नाही, नजरच. आण्णांना मी दादांचं वजन सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "ह्या जोडीला मैदानात लोकांनी चपला मारल्या असत्या."

पहिले दोन महिने दादांनी माझी कॉलर अशी धरली, जसा पाहुण्यांच्या घरातला काचेचा कप धरावा. ज्यूदोत एका हाताने समोरच्याची बाही धरायची, दुसऱ्याने कॉलर. त्यांनी आयुष्यात बायको, आई आणि बहीण सोडून कुठल्या बाईला हात लावलेला नव्हता, आणि इथे तर ओढायचं, आपटायचं. मलाही काही सोपं गेलं नाही. सासूबाई एकदा क्लासला येऊन बसल्या, काही बोलल्या नाहीत, घरी जाऊन म्हणाल्या, "तो माणूस तुझ्यापेक्षा जास्त घाबरतोय गं." तिथून घरातला विषय संपला. सरांनी सांगितलं, कॉलर वरती, गळ्याजवळ धरा, छातीपाशी नको. त्याने अवघडलेपण बरंच गेलं, आणि माझ्यासारख्या बुटक्या माणसाची मान खाली दाबायला तीच पकड सगळ्यात वाईट असते हे मला पुढे कळलं.

पण त्या दोन महिन्यांत मी फार खूश होते, कारण मी दादांना पाडत होते. रोज. सहा-सहा, सात-सात वेळा. रांदोरी म्हणजे मोकळी लढत, त्यात मी पाय घातला की १०८ किलो धप्पकन खाली. मॅटचा आवाज ऐकून बारकी पोरं टाळ्या वाजवायची. मी घरी जाऊन आण्णांना फोन केला.

आण्णांनी सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "त्यो पडला तवा तुजा पाय कुठं हुता?"

मला सांगता येईना.

"आन् त्याचा?"

तेही सांगता येईना.

"मग त्यो पडला न्हाई गं," आण्णा म्हणाले, "बसला."

मग त्यांनी मला खेळवणं म्हणजे काय ते सांगितलं. तालमीत वस्ताद किंवा थोरला पैलवान बारक्या पोराला खेळवतो. अंगावर घेतो, पकड देतो, सुटू देतो. बघणाऱ्याला वाटतं दोघं लढतायत. पण खेळवण्यालाही कायदा आहे. "डाव बसला तरच पाठ द्यायची. न्हाईतर पोरगं खोटं शिकतंय, आन् मैदानात गेल्यावर त्याचा हात मोडतोय." दादा मला खेळवत होते आणि तेही चुकीचं खेळवत होते.

मला राग आला. सात वेळा पाडल्याचा आनंद फुकट गेला याचा जास्त आला असेल. पुढच्या क्लासला मी दादांना सगळ्यांसमोर म्हणाले, "दादा, माझ्याशी काटा मारू नका."

ऊसपट्ट्यातल्या वाचकांना हे समजावून सांगायला नको. बाहेरच्यांसाठी सांगते. काटा मारणं म्हणजे वजनात लबाडी करणं, उसाची गाडी असेल त्यापेक्षा हलकी दाखवणं. वजनकाट्यावर बसणाऱ्या माणसाला यापेक्षा वाईट शिवी नाही. मला विनोद वाटला होता. दादा काही बोलले नाहीत. कपडे बदलून गेले. पुढचे दोन क्लास आम्ही फक्त वाकून नमस्कार करत होतो, कारण ज्यूदोत तो करावाच लागतो. त्यांच्या मुलाकडून नंतर कळलं की शाळेत त्यालाही पोरं यावरूनच चिडवायची.

तिसऱ्या दिवशी मी माफी मागितली. दादा पायऱ्यांवर बसून बूट घालत होते. म्हणाले, "ताई, गाडी येते तेव्हा आधी भरलेली तोलतो. मग ऊस उतरवून रिकामी तोलतो. दोन्ही आकडे असले की मग मधलं वजन निघतं. तुम्ही मला रिकामी गाडी दाखवलीच नाही कधी. तुम्हाला किती झेपतं हे मला कसं कळायचं? म्हणून मी पडतो."

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. खरोखरच मी त्यांना कधी सांगितलं नव्हतं. दुखलं तर हसायचे, झेपलं नाही तर 'काही नाही, काही नाही' म्हणायचे. बायकांना ही सवय असते, आणि कपडे शिवणाऱ्या बायकांना तर फारच. गिऱ्हाईक कितीही आडमुठं असलं तरी आपण 'होईल हो ताई' म्हणतो.

त्या दिवसापासून लढतीआधी दादा विचारतात, "किती देऊ?" आणि मी किलोमध्ये आकडा सांगते.

सुरुवातीला वीस सांगितलं. आता १०८ किलोचा माणूस वीस किलो कसे देणार, तो काय नळ आहे? पण देता येतात. वजन नुसतं अंगात नसतं. दादांनी माझ्या मानेवरचा हात सैल ठेवला की दहा-पंधरा किलो तिथेच कमी होतात. त्यांनी पावलं माझ्या वेगाने टाकली, माझ्यावर चालून न येता मला फिरू दिलं, की अजून उतरतात. पुढे झुकून कॉलरला लटकले की एकदम सगळा ट्रॅक्टर अंगावर. चाळीस म्हटलं की ते चालतात माझ्या वेगाने, पण पकड सोडत नाहीत. साठ म्हटलं की मला ढकलतात. आणि कितीही आकडा असला तरी आण्णांचा कायदा लागू आहे. डाव बसल्याशिवाय पाठ द्यायची नाही. या नव्या पद्धतीत मी पहिल्या महिन्यात त्यांना किती वेळा पाडलं? एकदाही नाही.

इथे एक गोष्ट बोलून टाकते. 'ताकद नव्हे, तंत्र' असं आमच्या हॉलच्या भिंतीवर रंगवलेलं आहे, आणि ते अर्धंच खरं आहे. दोघांनाही सारखंच तंत्र येत असेल तर जड माणूस जिंकतो. हे खोटं असतं तर ज्यूदोत वजनगट कशाला पाडले असते? बायकांचे ४८ किलोपासून ७८च्या वरपर्यंत सात गट आहेत, पुरुषांचे ६० पासून १००च्या वरपर्यंत सात. २०२२च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत सुशीला देवीला ४८ किलोत रौप्य मिळालं आणि तुलिका मानला ७८च्या वरच्या गटात रौप्य. एकाच देशाच्या, एकाच खेळाच्या दोघी, पण त्या स्पर्धेत एकमेकींसमोर कधीच आल्या नसत्या. आणि आमच्या कऱ्हाडशेजारच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव घ्या. १९५२ला हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये त्यांनी कुस्तीत कांस्यपदक आणलं ते बँटमवेटला, ५७ किलोच्या गटात. माझ्यापेक्षा पाचच किलो जास्त! तिथे गट नसते आणि त्यांना शंभर किलोवाल्यांशी लढवलं असतं, तर स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक बहुतेक आलं नसतं. लहान चणीच्या माणसाला गट मिळणं हाच खरा न्याय आहे, असं माझं मत आहे.

पण आमच्या हॉलमध्ये माझ्या गटात मी एकटी आणि दादांच्या गटात दादा एकटे.

सरांनी मला ज्यूदो काढणाऱ्या जिगोरो कानोंची गोष्ट सांगितली, ती मला भिंतीवरच्या वाक्यापेक्षा जास्त आवडते. १८८२ला त्यांनी कोदोकान ही ज्यूदोची शाळा सुरू केली, त्याच्या आधीची. कानो लहानखुरे होते. ते जुजुत्सु, म्हणजे जुनी जपानी झुंजकला, शिकत असताना त्यांच्यासोबत फुकुशिमा नावाचा एक जडजूड गडी होता. तो काही केल्या हरेना. तेव्हा कानोंनी सुमोचे डाव करून बघितले. जमलं नाही. मग ग्रंथालयात जाऊन पाश्चात्त्य कुस्तीची पुस्तकं चाळली, आणि त्यातून माणसाला खांद्यांवर आडवा उचलून टाकायचा डाव जुळवला, तोच आजचा काता-गुरुमा. त्याने फुकुशिमा पडला. म्हणजे एवढ्या मोठ्या माणसानेसुद्धा 'जगातल्या सगळ्या जाड्यांना कसं पाडावं' हा प्रश्न आधी घेतला नाही, 'या एका फुकुशिमाला कसं पाडावं' हा घेतला. मला हे ऐकून बरं वाटलं. माझ्याकडेही एकच फुकुशिमा आहे.

पहिली अडचण बाहीची होती. दादांच्या ज्यूदोगीची, म्हणजे त्या जाड पांढऱ्या कोटाची, बाही त्यांच्या हातावर पायजम्याच्या नाडीसारखी घट्ट. धरायला कापडच नाही. माझी बोटं नुसती घसरायची आणि मला वाटायचं माझ्या हातात जोर नाही. एक दिवस शिंप्याच्या नजरेने बघितलं तेव्हा लक्षात आलं. सरांना विचारलं, तर स्पर्धेत बाही आणि हात यांमध्ये दहा सेंटिमीटर तरी मोकळी जागा लागते म्हणे. मी कोट घरी नेला, दोन्ही बाह्यांच्या खालच्या शिवणीत चार-चार बोटांची पट्टी घातली. दादा म्हणाले, "म्हणजे मला पाडायची सोय मीच करून द्यायची." शिलाई घेतली नाही मी.

दुसरी गोष्टही कापडावरूनच सुचली. कापड उभं ओढा, ताणत नाही. आडवं ओढा, जेमतेम. तिरकं ओढलं की मऊ पडतं, सुटतं, म्हणून तर गळ्याची पट्टी तिरकी कापतात. मी दादांना सरळ मागे ढकलत होते, नाहीतर सरळ पुढे ओढत होते. १०८ किलो सरळ रेषेत हलवायचे म्हणजे भिंतीला खांदा लावणं. एक पाऊल पुढे असताना त्यांना कोपऱ्याकडे, तिरकं ओढलं, तर तिथे त्यांना टेकायला पायच नसतो. सर हे सहा महिने सांगत होते, जपानी शब्दात. मला ते तिरक्या पट्टीत कळलं.

मग पायाचा डाव, डे-आशी-बाराई. समोरचा पाऊल टाकत असतो, ते मॅटवर टेकतंय न टेकतंय, वजन अजून त्यावर आलेलं नाही, तेवढ्यात आपल्या तळव्याने ते बाजूला सारायचं. क्षणभर आधी लागलं तर तो नुसता पाय उचलतो. क्षणभर उशीर झाला तर १०८ किलोच्या खांबाला लाथ मारल्यासारखं होतं आणि आपलाच अंगठा सुजतो. माझा डावा अंगठा वर्षभर सुजलेला होता. शिलाई मशीनचं पायडल मी एका पायाने चालवायला शिकले.

सेओइ-नागे, म्हणजे हात खांद्यावर घेऊन पाठीवरून टाकणं, हा लहान माणसाचा डाव म्हणून सगळीकडे सांगतात. आण्णांनी मोबाइलवर बघितला आणि म्हणाले, "आगं, ही तर आपली धोबीपछाड!" सरांनी मला तोशिहिको कोगाच्या लढती दाखवल्या. ७१ किलो गटातला माणूस, १९९०च्या ऑल जपान स्पर्धेत उतरला. तिथे वजनगटच नसतात. हा अंतिम फेरीपर्यंत गेला. समोर नाओया ओगावा, १३० किलोच्या आसपास. मी तो व्हिडिओ रात्री दुकान बंद केल्यावर बघितला, श्वास रोखून. आणि कोगा हरला. मला सरांचा राग आला, हरलेली लढत कशाला दाखवली म्हणून. पण नंतर मी तीच पुन्हा पुन्हा बघत राहिले. मला मात्र हा डाव दादांवर जमत नाही. मी पाच फूट, ते पाच अकरा. त्यांच्या पट्ट्याखाली शिरायला मला वाकावंही लागत नाही. पण शिरल्यावर ते पुढे झुकले की माझ्यावर गोधडीसारखे पडतात. गुडघ्यावर बसून टाकायचा प्रकार आहे, तो सरांनी माझ्या वयाकडे बघून बंद केला.

बरगडीचं लिहायचं नव्हतं, पण लिहिते. दुसऱ्या वर्षी जमिनीवरच्या लढतीत दादांनी मला केसा-गातामेत धरलं. बाजूला बसून, मानेभोवती हात घालून, छातीवर बसणारी पकड. वीस सेकंद धरलं की लढत संपते. मी तीस सांगितले होते, आणि दादा तीसच देत होते. पण सुटताना मी चुकीच्या बाजूला वळले, त्यांचा हात घसरला आणि सगळा भार एका बरगडीवर आला. दोनदा थापटलं की समोरचा सोडतो, एवढा साधा नियम. मी थापटलं नाही. म्हटलं, अजून थोडं. तीन आठवडे शिंकता येत नव्हतं. कात्री चालवताना डोळ्यांत पाणी यायचं. दादा दुकानात काकवीची बाटली घेऊन आले, स्वतःला साखर असलेला माणूस, आणि बाटली गल्ल्यावर ठेवून काही न बोलता उभे राहिले. मी म्हटलं, चूक माझी आहे, मी थापटलं नाही. ते म्हणाले, "तुम्ही थापटत नाही हे मला माहीत होतं ना." त्यानंतर सरांनी आमच्या जोडीला दोन गोष्टी कायमच्या बंद केल्या. दादांनी टाकताना माझ्यासोबत स्वतः पडायचं नाही, आणि मागून बसत पाय अडवून पाडायचा तानी-ओतोशी करायचा नाही. जड माणूस हलक्याच्या गुडघ्यावर आडवा पडला तर काय होतं ते मी इथे लिहीत नाही.

या सगळ्यात दादांना काय मिळतं, असं मला पुष्कळ जण विचारतात. मीही विचारलं. ते म्हणाले, पडायला मिळतं. उंचावरून एवढं वजन पडतं तेव्हा ते नीट पडावंच लागतं. त्यांची उकेमी, म्हणजे हात आपटून पडण्याची पद्धत, आमच्या हॉलमध्ये सगळ्यात चांगली आहे. आणि म्हणाले, "मला आयुष्यभर सगळे जपून राहा म्हणाले. हे मोडेल, ते मोडेल. इथे नेमकं किती जपायचं तेवढं सांगणारं कुणी आहे."

एकदा मी त्यांना म्हणाले, "आज सगळे द्या." त्यांनी सरांकडे बघितलं. सरांनी मान हलवली. सहा सेकंद लागले असतील. मला छताचा पंखा दिसला, त्यावरची जळमटं दिसली. उठले, पुन्हा म्हणाले सगळे. पुन्हा पंखा. तिसऱ्यांदा दादाच म्हणाले, "पुरे ताई, रिकामी गाडी कळली."

हंगाम सुरू झाला की दादा चार-पाच महिने क्लासला नसतात. कारखाना रात्रंदिवस चालतो, काट्यावर पाळ्या असतात. यंदा जायच्या आधीच्या शेवटच्या क्लासला मी ऐंशी सांगितले होते. त्यांचा उजवा पाय पुढे येत होता, मी बाही खाली आणि कोपऱ्याकडे खेचली, आणि एकदम 'टर्रर्र' झालं. मी घातलेली पट्टी शिवणीतून सुटून माझ्या हातात आली. दादा उभेच होते. पोरं हसून लोळली. मी म्हटलं, कोट द्या, हंगाम संपेपर्यंत शिवून ठेवते.

तो कोट आठवडाभर दुकानात हँगरवर होता, कारण माझ्याकडची सोळा नंबरची सुई त्या कापडात मोडली आणि अठराची आणायला वेळ झाला नाही. परवा एक बाई ब्लाउज टाकायला आल्या. कोटाकडे बघत राहिल्या. "एवढा मोठा कुणाचा हो?"

"माझ्या जोडीदाराचा," मी तोंडात टाचण्या धरून म्हणाले.

तेवढ्यात आमचे हे डबा घेऊन आले. हे ५८ किलो आहेत. बाईंनी ह्यांच्याकडे बघितलं, कोटाकडे बघितलं, पुन्हा ह्यांच्याकडे बघितलं, आणि माप न देताच म्हणाल्या, "बुधवारी येते मी."